खोडरबरची हरकत

९ फेब्रुवारी

चि. ठकी,

आशीर्वाद. लागतील तेवढे घे, उरले तर डब्यात घालून ठेव.

हे पत्र दवाखान्यातून लिहितेय. आत डॉक्टर एकाची दाढ उपटतायत, बाहेर दोघं गाल धरून बसलेत, आणि काउंटरवर मी खाली मान घालून लिहितेय म्हणजे कामच करत असणार असा सगळ्यांचा समज आहे. घरून लिहायची सोय उरली नाही. तू तुझ्या मामाला तो बोलणारा कॉम्प्युटर घेऊन दिलास, पुण्य लागेल तुला. पण आता घरात आलेली प्रत्येक ईमेल तो चव्हाट्यावर वाचून दाखवतो. कागदावर लिहावं तर ह्यांना पेनाची खरखर ऐकू येते. लगेच विचारतात, "कुणाला एवढं मोठं लिहितेस?" डोळे गेल्यापासून ह्यांचे कान असे झालेत की मनातल्या मनात चिडायचीसुद्धा चोरी.

मुद्द्यावर येते. आमच्या इमारतीत नवी लिफ्ट बसली. जुनी कशी होती आठवतंय ना? हलायची, प्रत्येक मजला ओलांडताना खडखडायची, मजल्यावर आली की धाडकन थांबायची. नवी लोण्यासारखी चालते आणि थांबली की 'टिंग' करते, तेही लाजत लाजत. नेमकं तेव्हापासून मामाने खाली जाणं बंद केलंय. रोज सकाळी फाटकाजवळच्या बाकावर छापखान्यातल्या जुन्या मंडळींबरोबर बसायचे, तासभर लोकांच्या चुका काढायचे आणि खुशीत वर यायचे. आता विचारलं की म्हणतात गुडघे दुखतात. जुनी लिफ्ट काढून नवी बसवत होते तेव्हा हाच माणूस ह्याच गुडघ्यांनी चार मजले जिन्याने चढत उतरत होता! मी काय दुधखुळी आहे?

माझ्या मते घोडं पेंड खातंय ते त्या घंटेपाशी. चार माणसांच्या गलक्यात ती ऐकूच येत नसणार धड. म्हणून लिफ्टवाल्या मेकॅनिकला गाठलं आणि म्हटलं, घंटेचा आवाज वाढव. तर म्हणाला, "बाई, आमची कंपनी खुल्या नियमावलीप्रमाणे आवाज बसवते. मी हात लावला तर माझी नोकरी जाईल. तुम्ही नियमावली बदला, मी दुसऱ्या दिवशी घंटा बदलतो." म्हटलं, नियमावली बदलायला मी कोण? तर म्हणाला, "ती कुणीही बदलू शकतं. लोकांचीच आहे." कुणीही बदलू शकतं ती नियमावली कसली? मग आठवलं की तू बस कंपनीतली वेळापत्रकं झाली की संध्याकाळी असलंच काही फुकटचं काम करतेस. ते हेच का? अर्ज कुणाकडे करायचा? साहेब कोण? मामाला ह्यातलं काही सांगू नकोस. आपल्यासाठी कुणी खटपट करतंय हे कळलं तर घंटा बसल्यावरसुद्धा मुद्दाम घरी बसेल तो माणूस.

तुझी मामी

१७ फेब्रुवारी

मामी,

नमस्कार. आशीर्वाद पोचले, अजून डब्यात आहेत.

हो, ते हेच. आणि साहेब कुणीच नाही. इथेच सगळे गोंधळतात, तूही गोंधळ. लिफ्टने कुठे कसला आवाज करावा, बटणं कशी असावीत, ह्याचा एक मजकूर आम्ही जगभरातल्या दोन-तीनशे हौशी लोकांनी मिळून लिहिलाय. लिफ्टच्या कंपन्या तो फुकट वापरतात. मी त्या मजकुराची एक राखणदार आहे. राखणदार म्हणजे मालकीण नव्हे. मला स्वतःला त्यातला स्वल्पविरामसुद्धा एकटीला हलवता येत नाही.

बदल सुचवायचा तर सोबतच्या चिठ्ठीवरच्या पत्त्यावर जा, एखादं टोपणनाव घे (खरी नावं तिथे कुणी विचारत नाही आणि सांगतही नाही), आणि काय बदलायचं ते सरळ लिही. मग मुदत लागते. मुदतीत कुणी हरकत घेतली नाही तर बदल मंजूर. आमच्याकडे गप्प बसणं म्हणजे होकार. घरातल्यासारखं नाही.

हरकत आली तर मात्र आमचा एक विचित्र रिवाज आहे. समोरच्याला उत्तर द्यायच्या आधी त्याचं म्हणणं तू स्वतःच्या शब्दांत लिहायचं. ते वाचून तो "होय, हेच" म्हणाला, की मग तू तुझं बोलायचं. तो "नाही, हे नाही" म्हणाला तर पुन्हा लिहायचं. वेळ फार जातो, पण भांडणं निम्मी होतात.

मामाला नाही सांगणार. शपथ.

ठकी

४ मार्च

चि. ठकी,

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी टोपणनाव घेतलं 'दाढदुखी'. समोर पाटीच ती होती. दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर, रोगी कमी असतात त्या वेळात, तुझ्या चिठ्ठीप्रमाणे सगळं केलं. लिहिलं, "लिफ्ट थांबल्यावर घंटा मोठ्याने वाजवावी, म्हणजे अंध माणसांची सोय होईल." साधं, सरळ, परोपकारी वाक्य. लगेच तिघा-चौघांनी अंगठे दाखवले. आधी मला रागच आला, मग कळलं की तिथे अंगठा दाखवणं चांगलं असतं.

आणि मग उपटला तो 'खोडरबर'. काय लिहितो बघ: "हरकत. 'मोठ्याने' हा शब्द मोघम आहे. किती मोठ्याने? कुणाला मोठ्याने? शिवाय ज्याला दिसत नाही तो बहिरा असतो, हा शोध आपल्याला कुठल्या दवाखान्यात लागला?" दवाखान्यात! मी दवाखान्यात बसलेय हे त्याला काय ठाऊक? नावावरून ताडलं असेल. ठकी, अगदी तुझ्या मामाच्या वळणाचा खवट माणूस. असा नमुना देवाने एकच घडवला असेल असं मी इतकी वर्षं समजत होते.

तुझा रिवाज पाळला. लिहिलं, "तुमचं म्हणणं असं, की मोठ्या घंटेचा शेजाऱ्यांना त्रास होईल." उत्तर आलं, "नाही, हे नाही." मग लिहिलं, "तुमचं म्हणणं असं, की कंपन्यांना परवडणार नाही." "नाही, हे नाही. शिवाय शेवटच्या 'नाही'नंतर पूर्णविराम राहिला." भीक नको पण कुत्रा आवर! ह्या माणसाला काही कामधंदा नाही का? त्याला तिथून हाकलता येत नाही का? तू राखणदार आहेस ना?

घरी तेच. खिडकी, खुर्ची, रेडिओ. काल बाकावरची मंडळी खालून हाका मारत होती, तर ह्यांनी खिडकी लावून घेतली. मला फार भीती वाटते ठकी. डोळे गेले तेव्हासुद्धा हा माणूस असा खचला नव्हता. आता एकदा घरात बसायची सवय लागली की संपलं. माझ्या आजोबांचं असंच झालं होतं, आधी बाहेर जाणं बंद, मग बोलणं बंद.

तुझी मामी

१३ मार्च

मामी,

तुझं पत्र तीनदा वाचलं.

खोडरबरला हाकलता येणार नाही. आमच्याकडे हरकत घेणाऱ्याला वैरी समजत नाहीत. ज्याच्या बदलावर कुणी काहीच बोलत नाही, त्याचा बदल कुणी वाचलेला नसतो. हा माणूस तुझा शब्द न् शब्द वाचतोय. तेव्हा चिडू नकोस. म्हणजे चीड, पण उत्तर देत राहा. मध्येच सोडून देऊ नकोस, एवढं माझं ऐक.

एक विचारू? सहजच. तू दवाखान्यात असतेस तेव्हा सकाळी मामा काय करतो?

ठकी

२२ मार्च

चि. ठकी,

काय करणार? कानात ते ऐकायचं बोंडूक घालून कॉम्प्युटरवर बुद्धिबळ खेळतात म्हणे. मी घरी शिरते तेव्हा टकटक चाललेली असते. मला बघून, म्हणजे मला ऐकून, बंद करतात. विचारलं तर म्हणाले, "एक मुरलेली खेळाडू भेटलीय, हार मानत नाही." बोलताना बरे खुशीत होते. बाई आहे म्हणे. ह्या वयात काय बोलणार, मी म्हटलं खेळा. तू पण काहीतरीच विचारतेस.

इकडे माझं डोकं गरगरतंय. खोडरबरने नवीनच काढलंय. मी तिसऱ्यांदा चुकल्यावर त्याने एक गोष्ट लिहिली. त्याच्या ओळखीचा एक अंध माणूस आहे. लिफ्टने आपल्या मजल्यावर निघाला होता. मधेच कुणीतरी लिफ्ट थांबवली. टिंग झालं, दार उघडलं, आत शिरणाऱ्यांची घाई म्हणून हा बाहेर पडला. पावलं मोजत आपल्या दाराशी गेला आणि किल्ली लावायला लागला. किल्ली शिरेना. हा आपला खुडबुडतोय. आतून पोरं किंचाळली, कुणीतरी येऊन ह्याचा दंड धरला आणि म्हणाला, चोर! हा म्हणतोय, हे माझंच घर आहे. आणि घर दुसऱ्याचं!

मला बाई फार हसू आलं. पोरांच्या किंचाळण्याचं नव्हे, पण "हे माझंच घर" म्हणून तो भांडतोय त्याचं. जेवताना ह्यांना सांगितलं, कुठे वाचलं ते न सांगता. म्हटलं, "ऐका तर, एक बावळट माणूस परक्याच्या दाराला किल्ली लावत उभा राहिला." हे हसले नाहीत. चमचा खाली ठेवला, म्हणाले, "बावळटच," आणि ताट तसंच ठेवून उठले. ह्यांना हल्ली विनोदच कळत नाही.

आणि घंटा मोठी करायला विरोध आणि गोष्ट ही? घंटा मोठी असती तर हा माणूस वाचला असता की नाही? काय म्हणायचंय काय ह्या खोडरबरला? मला खरंच समजत नाही गं. तूच त्याचं म्हणणं लिहून दे मला, मी उतरवून काढते.

तुझी मामी

२४ मार्च (ईमेल)

ठकूताई,

तू मला सरळ विचारलंस, "खोडरबर तू आहेस का?" म्हणून सरळ उत्तर देतो. होय. राखणदारबाईंनी टोपणनावामागे डोकावू नये असा तुमचाच नियम आहे ना? असो, 'मोघम' शब्दाने घात केला. तुझ्या शाळेतल्या निबंधांवर लाल शाईने तोच लिहायचो.

ह्या कामाबद्दल तू गेल्या वर्षी सांगितलंस तेव्हापासून अधूनमधून ऐकत असतो. आयुष्यभर मुद्रितं तपासली, लोकांच्या मजकुरातल्या चुका दिसल्याशिवाय चैन पडत नाही. आता दिसत नाहीत तर ऐकतो. तुझ्या मामीचं ते परोपकारी वाक्य मशीनने वाचलं आणि मी ओळखलं. लग्नाआधी तिने मला लिहिलेलं प्रत्येक पत्र मी मनातल्या मनात दुरुस्त केलेलं आहे. तिचं वाक्य मी झोपेत ओळखीन. तिला मात्र मी कळलो नाही. बुद्धिबळ खेळतो असं तिने धरलंय, तर असू दे.

आता मी हरकत का घेतली ते सांगतो. गप्प बसलो असतो तर तिची घंटा मंजूर झाली असती. मेकॅनिकने बसवली असती. ती माझ्याकडे आशेने बघत उभी राहिली असती आणि मी तरी गेलो नसतो. कारण घंटा मला ऐकू येतेच. मग तिला वाटलं असतं की तिचंच काहीतरी चुकलं. ते मला नको होतं.

खरं कारण घरी सांगता येत नाही. सांगितलं की ती नोकरी सोडेल आणि माझा हात धरून लिफ्टमध्ये उभी राहील, जन्मभर. मी तिथे लिहिलेल्या गोष्टीतला, परक्या दाराशी उभा तो बावळट माणूस कोण हे तुला आता कळलंच असेल. जेवताना ती त्याला हसली ह्याचं मला वाईट वाटलं नाही. म्हणजे वाटलं. पण ती गोष्ट कुणाला तरी सांगून झाली, तिलाच सांगून झाली, ह्याने बरंही वाटलं. काय वाटलं ते नीट कळत नाही, हे वाक्यही मोघम आहे.

घरी मी आंधळा नवरा आहे. तिथे मी खोडरबर आहे आणि ती माझ्याशी कडाकडा भांडते. डोळे गेल्यापासून ती माझ्याशी भांडलीच नव्हती. तेव्हा तिला काही सांगू नकोस. शपथ घे.

मामा

२९ मार्च

मामी,

हे पत्र मी चारदा फाडलं. काय लिहावं, काय नको, हे मला समजेनासं झालंय. मी शपथा फार घेऊन बसलेय. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे मी पोस्टाची तिकिटं चाटत उभी.

खोडरबरचं म्हणणं मी लिहून देऊ शकत नाही. नियम आहे, ते तूच लिहायला हवं. मुदत संपत आलीय. तोवर तुमचं जमलं नाही तर बदल बारगळतो आणि पुढचे कित्येक महिने तो विषय कुणी काढू शकत नाही. एवढंच सांगते: लिफ्टबद्दल लिहू नकोस. घंटेबद्दल तर अजिबात नको. त्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाबद्दल लिही.

आणि मामाला जेवायला घाल नीट.

ठकी

१६ एप्रिल

चि. ठकी,

भामटे. तुला सगळं ठाऊक होतं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी फार वैतागले होते. दवाखान्यातून येताना म्हटलं, बघूच एकदा हा माणूस एवढा कसा चुकला. तळमजल्यावर लिफ्टमध्ये शिरले, चार नंबर दाबला आणि डोळे मिटून घेतले. लिफ्ट निघाली की नाही तेच आधी कळेना, इतकी गुळगुळीत. टिंग झालं, दार उघडलं. कुणीतरी दोन-तीन पिशव्या घेऊन घुसलं, मला धक्का बसला, मी बाहेर पडले. दार मागे लागलं. डोळे उघडायचे नाहीत असं ठरवलंच होतं. भिंतीला हात लावत डावीकडे वळले. आमच्यासारखंच वळण. आमच्यासारखीच चौकट. कडीसुद्धा त्याच जागी. ठकी, मला खात्री होती गं, पुरती खात्री, की हे माझं घर आहे. पर्समधून किल्ली काढली आणि लावली. शिरेना.

आतून पोरांचा कलकलाट आला. मी डोळे उघडले तर समोर तिसऱ्या मजल्यावरची पाळणाघरवाली बाई. ती माझ्याकडे बघतेय, माझ्या किल्लीकडे बघतेय. म्हणाली, "अहो, तुम्हीसुद्धा?" म्हटलं, सुद्धा म्हणजे? ती बिचारी गोरीमोरी झाली. म्हणाली, "तुमच्या मिस्टरांचं असंच झालं होतं. नवी लिफ्ट आली त्याच आठवड्यात. मुलं घाबरली, आणि एक वडील मुलाला न्यायला आले होते, त्यांनी ह्यांचा दंडच धरला. मी ओळखलं म्हणून सोडवलं. पण हे कितीतरी वेळ म्हणत होते, हे माझंच घर आहे. मीच लिफ्टमध्ये बसवून दिलं. म्हणाले, बायकोला सांगू नका. तुम्हाला भेटायचं मनात होतं, पण तोंड कुठलं दाखवू असं झालं मला."

मी जिन्याच्या पायरीवर बसून रडले. तिने पाणी आणून दिलं. एक बोबडं कार्टं माझ्या मांडीवर खेळण्यातला ट्रक ठेवून गेलं. ज्या माणसाला सगळ्या जगाच्या चुका दिसायच्या त्याचा दंड धरून त्याला चोर म्हटलं, आणि वर मी त्याला त्याच्याच ताटासमोर बावळट म्हटलं. आपलेच दात, आपलेच ओठ. बोलायची सोय नाही.

आणि तिथे बसल्या बसल्या सगळं एकदम उलगडलं. मोघम. दवाखाना. पूर्णविराम. हार न मानणारी खेळाडू. मी खुळी त्या खेळाडू बाईवर मनातून जरा जळत होते! ठकी, ती मीच निघाले.

वर गेले. हे खिडकीशी होते. मला माहीत आहे असं म्हटलं तर मग तो खोडरबर राहिला नसता, आणि मला तो हवा होता. गुडघ्यांना तेल लावून देऊ का, एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेल्या गेल्या लिहिलं. इथे उतरवते:

"तुमचं म्हणणं असं. लिफ्ट थांबली हे त्या माणसाला कळतं, कुठे थांबली हे कळत नाही. त्याला न दिसण्याची भीती नाही. आपण आपल्याच दाराशी आहोत अशी खात्री असावी आणि ती खोटी निघावी, ह्याची भीती आहे. हे तो घरी बोलत नाही, कारण घरचं माणूस मग त्याला एकटं कुठेच जाऊ देणार नाही. त्याला घंटा नको. त्याला एकट्याने घरी येता यायला हवं."

एकाची रूट कॅनाल झाली, एकाला कवळी बसली, मी पडद्याकडेच बघत होते. मग उत्तर आलं: "होय, हेच."

नुसतं तेवढंच. पूर्णविरामाबद्दलसुद्धा काही नाही.

मग आम्ही दोघांनी मिळून नवा मजकूर लिहायला घेतला. ते म्हणाले, दार उघडायच्या आधी लिफ्टने मजल्याचा आकडा हळू आवाजात सांगावा. मी लगेच लिहिलं, "हरकत. 'हळू' हा शब्द मोघम आहे." असा आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता! शेवटी "आतल्यांना ऐकू जाईल, बाहेर ओरडल्यासारखं होणार नाही" असं ठरलं. आणि बाहेर चौकटीवर, हात सहज पोचेल तिथे, बोटाला लागेल असा उठावाचा आकडा. ती कल्पना माझी. त्यावर खोडरबर म्हणाला, "हरकत नाही. सुचायला उशीर झाला, एवढंच."

घरी आम्ही ह्यातलं काही बोलत नाही. जेवताना ते मला बुद्धिबळाच्या गप्पा सांगतात, मी ऐकून घेते. मला माहीत आहे हे त्यांना सांगू नकोस. शपथ घे.

तुझी मामी

२५ एप्रिल

मामी,

घेतली. पण आता मी कुणापासून काय लपवतेय हे एका कागदावर मांडायला बसले तर मलाच चक्कर येईल. मामा खोडरबर आहे हे तुला कळलंय हे त्याला ठाऊक नाही, असं तू म्हणतेस. तसं असेलही. मला कुणी विचारू नका, मी बसची वेळापत्रकं करते, ती ह्याहून सोपी असतात.

नव्या मजकुराची मुदत काल संपली. कुणीही हरकत घेतली नाही. एकाने फक्त विचारलं होतं की एवढ्या साध्या दोन ओळींना इतका वेळ का लागला. मी राखणदार म्हणून उत्तर दिलं, "दोन्ही पक्ष लांब राहतात." तुमच्या लिफ्टच्या कंपनीला कळवलंय, मेकॅनिक येईल.

ठकी

२१ मे

चि. ठकी,

परवा मेकॅनिक आला. दिवसभर लिफ्टच्या डोक्यावर चढून बसला होता. जाताना म्हणाला, "बाई, बदलली ना नियमावली? म्हटलं होतं मी, सोपं असतं." मी त्याला चहा दिला.

काल माझी सुट्टी होती. सकाळी बाहेरून लिफ्टचा आवाज ह्यांच्या कानावर गेला. ह्यांनी मला विचारलं, "हे कोण बोलतंय?" इतकं निरागस तोंड केलं होतं की मला हसू दाबावं लागलं. म्हटलं, "लिफ्ट बोलते म्हणे आता. काहीतरी नवीन खूळ." "अस्सं," म्हणाले. थोड्या वेळाने उठले, चप्पल पायाने चाचपली, काठी घेतली. म्हणाले, "जरा खाली जाऊन येतो."

"थांबा, मीही येते" हे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते गं. एक पाऊल पुढेसुद्धा टाकलं. मग मीच लिहिलेलं मला आठवलं. हात मागे घट्ट बांधून उभी राहिले आणि म्हटलं, "येताना वेळ लावू नका."

खिडकीतून पाहिलं. बाकावरची मंडळी उठून उभी राहिली. कुणीतरी ह्यांच्या पाठीवर थाप मारली. हे बसले आणि लगेच हात हलवून काहीतरी समजावायला लागले, म्हणजे कुणाची तरी चूक निघालीच असणार. मी खिडकीतून बाजूला झाले. घरात काम पडलं होतं ढीगभर, एकाला हात लागेना. धुतलेली भांडी पुन्हा धुतली. परतताना मधे कुणी लिफ्ट थांबवली तर? आकडा ऐकू आला नाही तर? मेकॅनिकने उलटसुलट बसवलं असेल तर? ऊन चढलं तरी पत्ता नाही. खालच्या मजल्यावर जाऊन उभं राहावं असं दहादा वाटलं. गेले नाही.

मग लिफ्ट आली. भिंतीआडून तो हळू आवाज आला, "चौथा मजला." दार उघडलं. पावलं. मधेच थांबली. चौकटीवर बोट फिरवत असणार. मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी. किल्ली लागली आणि पहिल्याच झटक्यात फिरली.

हे आत आले नाहीत. उंबऱ्यातच उभे राहिले. मी कुठे आहे हे त्यांना बरोबर कळलं होतं, तोंड माझ्याचकडे होतं. म्हणाले,

"होय, हेच."

ठकी, कधीपासून ठाऊक होतं गं त्यांना? तू सांगितलंस का? खरं सांग. नाही, नकोच सांगूस. मी पदराने डोळे पुसले आणि म्हटलं, "हरकत नाही. या आत, जेवण निवतंय."

तुझी मामी